जाणाऱ्या कमी, परतणाऱ्या जास्त

१० नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळी सात ते संध्याकाळी सात सायकली मोजल्या. वीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आहे, पण एखादी गोष्ट रस्त्यावर बसून स्वतः मोजण्याची ही पहिलीच वेळ. मला सायकल चालवता येत नाही, हे इथे तरी लिहून ठेवते. अंकिताला अजून सांगितलेलं नाही.

अक्कलकोट रस्त्याच्या एका कडेला, विणकर वसाहतीपासून गावाच्या दिशेने पावणेदोन किलोमीटर, केशरी खांब रोवून सायकलींसाठी वेगळी वाट केली आहे. जायची आणि यायची एकच. आखणी पुण्याच्या एका संस्थेची. तिथली अंकिता, तिशीची, भरभर बोलणारी, मोजणीसाठी मला विचारायला आली आणि मी लगेच हो म्हटलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी बसायचं, दुपारचे दोन तास ती बसणार. दिवसाला सरासरी नऊशे फेऱ्या झाल्या तर खांब राहतील. नाहीतर बावीस डिसेंबरला महापालिकेच्या समितीची बैठक झाली की उपटले जातील.

छापील तक्त्यात दोनच रकाने होते, सायकल आणि पादचारी. कुणाला कशात धरायचं याचा नियम नव्हता, तो मी लिहिला: ज्या सायकलवर माणूस बसलेला आहे ती सायकल, जो चालतो आहे तो पादचारी. अंकिता म्हणाली, एकदम क्लिअर. मलाही तो नियम आवडला.

चन्नप्पांनी त्यांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानापुढे लोखंडी खुर्ची दिली. साठीचे असतील. दिवसभर माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. गिऱ्हाइकंसुद्धा माझ्याजवळ आली की आवाज खाली आणत होती. बाईमाणूस रस्त्यात कागद घेऊन बसलेली पाहून संकोच वाटत असेल.

आजच्या फेऱ्या ६३८. सुरुवात म्हणून वाईट नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

तीन दिवसांची सरासरी ६४८. पण मला छळतो आहे तो दुसराच आकडा. मी दिशा वेगळ्या लिहिते. गावात जाणाऱ्या सायकली २१२, वसाहतीकडे परतणाऱ्या ४३६. म्हणजे रोज सव्वादोनशे सायकली गावात न जाताच गावातून परत येतात.

अंकिताला फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही बेरीज बघा ना, बेरीज कमी पडतेय." बरोबर आहे तिचं. पण रात्री भात उकळत होता तेव्हाही माझ्या डोक्यात हेच, की सकाळी या सायकली जातात कुठून. उद्या वर्गात पोरांना हेच उदाहरण घालावं आणि म्हणावं, सांगा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शंका एकेक करून तपासल्या. सातच्या आधी जात असतील, म्हणून काल साडेपाचलाच येऊन बसले. सातपर्यंत एकतीस गेल्या. मागच्या गल्लीतून जात असतील, म्हणून आज अंकिताला इथे बसवून तिकडे दोन तास उभी राहिले. नऊ सायकली आणि एक बोकड. मीच चुकत असेन, म्हणून एकाच वेळी दोन तास अंकिताने आणि मी वेगवेगळं मोजून ताडून पाहिलं. फरक एकाचा.

पादचारी मात्र फार. रोज तीनशेच्या वर माणसं खांबांच्या आतून चालत जातात, त्यातही गावात जाणारीच बहुतेक, आणि ओझंवाली. सायकलींसाठी केलेली वाट चालणाऱ्यांनी भरली तर सायकलवाले कशाला येतील? इथे काहीतरी सापडेल असं वाटतं.

त्यातल्या एक बाई रोज साडेनऊच्या सुमारास जुनी सायकल हाताने ढकलत येतात. कॅरिअरवर रुंद पत्र्याचा डबा आडवा बांधलेला, दोन्ही हँडलांना पिशव्या. मी पादचाऱ्यांत रेघ मारते. माझ्यासमोर आल्या की थांबतात, काही बोलायचं असल्यासारख्या. मी रेघा ओढत असते, बोट वर करते, म्हणजे जरा थांबा. त्या थोडा वेळ थांबतात आणि निघून जातात. आज जाताना त्यांनी कागदात गुंडाळलेली कडक भाकरी खुर्चीच्या हातावर ठेवली. जिची मोजणी करायची तिच्याकडून काही घेणं मला योग्य वाटेना. चन्नप्पांना म्हटलं, त्यांना परत द्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एवढंच म्हणाले की तिचं नाव शरणम्मा, मैंदर्गीची हाय. मग कागद उलगडून भाकरी मोडली आणि स्वतःच खाल्ली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज बापूसाहेब येऊन भेटले. समोरच त्यांचं चादरी-टॉवेलचं मोठं दुकान आहे. खांब उपटावेत असा व्यापाऱ्यांचा अर्ज गेला आहे, त्यावर पहिली सही त्यांची. पांढरा सदरा, कानाला अत्तराचा फाया, बोलणं अगदी हळू. म्हणाले, हैदराबादची गाडी पूर्वी दारात थांबायची, माणसं उतरून चार चादरी जास्त घ्यायची, आता थांबायला जागा दिसली नाही की सरळ पुढे जाते. त्यांचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही. तसं सांगितलंही.

मग त्यांनी आकडा विचारला. लपवायचं काही नाही, म्हणून सांगितला. ते हसले. "म्हणजे बावीस तारखेला आम्ही सुटलो म्हणायचं. तोवर तुम्ही बसा निवांत. चहा पाठवू का?" चहा नको म्हटलं. "वाटलंच मला," म्हणाले.

संध्याकाळी अंकिताशी बोलून ठरवलं, वाटेच्या दोन्ही तोंडांना पाटी लावायची: फक्त सायकलींसाठी, पादचाऱ्यांनी पदपथ वापरावा. सूचना माझी. चालणारे कमी झाले की सायकली वाढतील. न वाढल्या तरी एक शंका तरी निकालात निघेल.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पाटी लागली. अंकिताने तोंडाशी काठीवाला रखवालदारही उभा केला. दिवसभरात पादचारी अकरा. वाट एकदम स्वच्छ दिसू लागली आणि मला, खरं लिहायचं तर, फार बरं वाटलं.

पदपथ आहे, पण त्यावर स्कूटर लावलेल्या असतात आणि दुकानांच्या पाट्या. चालणारे त्यामुळे रस्त्यावरूनच जातात. हे महापालिकेला कळवायला हवं असं टिपून ठेवलं आहे.

साडेनऊला शरणम्मा आल्या. रखवालदाराने काठीने बाहेरची बाजू दाखवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी चार रेघांवर पाचवी आडवी मारायची होती, मी बोट वर केलं. पुन्हा पाहिलं तेव्हा त्या खांबांच्या बाहेरून, टेम्पोच्या मागून चालल्या होत्या. मनाला जरा लागलं. पण नियम सगळ्यांना सारखा.

३ डिसेंबर, बुधवार

कोडं सुटलं आणि आकडा बुडाला. जाणाऱ्या २०५, परतणाऱ्या १९७. आता दोन्ही बाजू अगदी जुळतात, जशा कुठल्याही शहाण्या रस्त्यावर जुळाव्यात. बेरीज ४०२.

नीट विचार करून लिहिते. पाटीने कुणाला हटवलं? चालणाऱ्यांना. मग नाहीसं कोण झालं? संध्याकाळी सायकलवर बसून परतणारे. चालणाऱ्यांना बंदी केली तर बसणारे का घटावेत? आणि तेही फक्त परतणारे?

अंकिताने फोनवर दोन्ही आकडे पुन्हा विचारून घेतले. मग म्हणाली, आपण हरतोय, मॅडम. मला त्या क्षणी हरण्याचं काहीच वाटत नव्हतं, इतकी मी या दोन आकड्यांत अडकले होते. याची नंतर लाज वाटली.

५ डिसेंबर, शुक्रवार

आजवर मी फक्त चाकं पाहिली. माणसाकडे पाहिलं की मोजणी चुकते, म्हणून नजर मुद्दाम खाली ठेवत होते. आज दुपारनंतर अंकिताला तक्ता दिला आणि मी नुसती बघत बसले. परतणारे नाहीसे झालेलेच नाहीत. ते खांबांच्या बाहेरून, मोठ्या रस्त्यावरून येत आहेत. पाच सायकली ओळखीसाठी टिपून घेतल्या: हिरवं मडगार्ड, सीटला पिवळी पिशवी, सुतळीने बांधलेला स्टँड, हँडलला बाळकृष्णाचं चित्र, एक अगदी नवी, तिचा प्लॅस्टिकचा कागदही न काढलेली.

सोमवारी सकाळी या पाचही शोधायच्या.

८ डिसेंबर, सोमवार

नऊ वाजून दहा मिनिटांनी हिरवं मडगार्ड दिसलं. खांबांच्या बाहेर, दोन टेम्पोंच्या मधे. सीटवर आणि कॅरिअरवर मिळून पांढऱ्या कापडात बांधलेला गठ्ठा, माझ्या खांद्याएवढा उंच. एक माणूस एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने गठ्ठा धरून चालत होता. पाठोपाठ बाळकृष्ण, तोही गठ्ठ्याखाली.

मी तक्ता खाली ठेवला आणि चन्नप्पांना विचारलं, हे हिरव्या मडगार्डचे कोण?

"सिद्धप्पा. कारखान्यातनं टॉवेलचा गठ्ठा घेऊन गावात जातो, दुकानात टाकतो, रिकाम्या सायकलीवर बसून येतो. ओझं असल्यावर कोण बसतंय, म्याडम? सायकल मोडंल की. आन् सकाळी काठी दाखवून भाईर काढल्यावर सांजच्याला कोण आत येतंय?"

म्हणजे जाताना मी त्याला पादचारी लिहीत होते आणि येताना सायकल. तोच माणूस, तीच सायकल. सव्वादोनशे माणसं.

"तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"सगळ्यास्नी ठाऊक हाय."

"मग महिनाभर मला सांगितलं का नाही?"

त्यांनी चाकाची तार पिळली, चाक फिरवून पाहिलं. "तुमी मोजत होता. मोजणाऱ्याशी बोलायचं न्हाय. कारखान्यात कुणी कापडाचं थान मोजत असला तर मालक आला तरी गप हुबा ऱ्हातो. मधी बोललं की फिरून एकापासनं. तुमी तर सकाळी सातला सुरू करताय ते दिवे लागस्तवर."

मला हसू आलं आणि लगेच विरलं. शरणम्मांचं विचारलं. त्या आठवडाभर आलेल्या नाहीत. मागच्या सोमवारी खांबांच्या बाहेरून चालताना टेम्पोचा आरसा लागला, सायकलसकट पडल्या. मनगट गेलं.

मागच्या सोमवारी मी याच खुर्चीत होते. साडेनऊला गलका झाल्याचं आठवतं. मी मान वर केली नव्हती.

९ डिसेंबर, मंगळवार

शरणम्मांकडे गेले. वसाहतीच्या मागे दोन खोल्या, दारात चुलीवर तवा, दोन बायका भाकऱ्या थापत होत्या. मनगट पट्टीत. "बर्री, कूडर्री," असं कानडीत म्हणत त्यांनी बसायला पाट सरकवला, आणि पहिला प्रश्न विचारला, "तुजं मोजून झालं काय, अक्का?"

मी सगळं सांगितलं. नियम माझा, पाटी माझी, काठीवाला माझ्यामुळे. त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, खांब आल्यापासून त्यांनी मोठा डबा बांधायला घेतला होता. पूर्वी गाड्यांच्या भीतीने छोट्या डब्याच्या दोन खेपा करायच्या. मोठ्या डब्यामुळे एका खेपेत भाकऱ्या खानावळींत पोचत होत्या, म्हणून या दोन बायका कामाला घेतल्या. आता रिक्षातून पाठवतात तर निम्म्या तुकडे होऊन पोचतात. खानावळवाला दुसरीकडून घेईन म्हणतो.

रोज थांबून मला काय सांगायचं होतं, तेही विचारलं. वाटेच्या तोंडाचा एक खांब वीतभर सरकवा, डबा घासतो. एवढंच.

"खांब ऱ्हाणार का जाणार?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ठाऊक नाही. "गेले तर मी त्या रस्त्याला पाय ठेवणार न्हाय. भावाकडं जाते, मैंदर्गीला. ह्या दोघी बघतील आपापलं." त्या दोघींचे हात थापता थापता थांबले नाहीत, पण त्या ऐकत होत्या.

निघताना भाकऱ्या दिल्या. घेतल्या.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पाटी उतरवली, रखवालदार गेला. माणसं लगेच परत येत नाहीत. आजची बेरीज माझ्या जुन्या नियमाने ४३०.

अंकिताचं म्हणणं सोपं आहे. पाटीच्या आधीचे ६४८ घ्यायचे, त्यात गठ्ठेवाले सव्वादोनशे आणि शरणम्मांसारखे येताजाता ढकलणारे मिळवायचे, नऊशेच्या आसपास जातं. "खरंच आहे ना ते, मॅडम?" बहुधा खरं आहे. पण पादचारी तीनशे दहांत सायकल धरलेले किती आणि मोकळे किती, हे मी लिहिलेलंच नाही. आणि आकडा कमी पडल्यावर नियम बदलून तो पुरा करणं, हे मी वीस वर्षं पोरांना करू नका म्हणून सांगते आहे. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला नापास केलं असतं.

उलट बाजूनेही विचारते स्वतःला. माझी शुद्धता जपण्यासाठी मी शरणम्मांना मैंदर्गीला धाडते आहे का? अठ्ठावीस तारखेला, पाटी लागली तेव्हाही मला शुद्धच वाटत होतं.

अंकिता चिडून म्हणाली, "मग तुम्ही बैठकीत काय सांगणार?" मी म्हटलं, झालं ते.

२२ डिसेंबर, सोमवार

समितीपुढे सांगितलं. माझी मोजणी बरोबर आहे आणि तिच्यावर निर्णय घेऊ नये. या रस्त्यावर सायकल बसण्याइतकीच ढकलण्याचीही वस्तू आहे, हे मला ठाऊक नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. पाटी लावण्याची सूचना माझी होती, त्यानंतर एका बाईंना इजा झाली.

बापूसाहेब उठले. आवाज नेहमीसारखाच हळू. "मॅडम, परीक्षेचा निकाल लागल्यावर प्रश्नपत्रिका बदलायची, असं तुमच्या कॉलेजात चालतं का?" काही लोक हसले. मी म्हटलं, चालत नाही, म्हणून मी जुना पेपर वाढवून मागत नाही, नवीन परीक्षा मागते आहे. नियम आधी ठरवू. सहा दिवस मोजू. बापूसाहेबांनी माझ्या शेजारी बसून स्वतंत्र तक्ता लिहावा आणि दोघांत जो लहान आकडा येईल तोच धरावा. तो नऊशेच्या खाली आला तर खांब काढताना मी काही बोलणार नाही.

अंकिताने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिचं घर पणाला लावलं. अध्यक्षांनी बापूसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "बसतो की. दुकान समोरच आहे, नजर दोन्हीकडे राहील."

नियम तिथेच लिहिला: माणसाबरोबर खांबांच्या आतून जाणारी सायकल म्हणजे एक फेरी, माणूस बसलेला असो वा चालत.

३० डिसेंबर, मंगळवार

दुसरा दिवस. चन्नप्पांनी दुसरी खुर्ची आणली, ती माझ्या खुर्चीपेक्षा बरी आहे. बापूसाहेब वेळेवर येतात, घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवतात. मला वाटलं होतं ते झोपतील किंवा फोनवर बोलतील. उलट ते येणाऱ्या प्रत्येकाला नावाने ओळखतात. हा अमक्याच्या कारखान्याचा, हा पूर्वी चांगला विणायचा, याच्या मुलीचं लग्न आहे. मी महिनाभर पाहिली ती चाकं, त्यांना सगळी माणसं दिसतात. मला जरा हेवा वाटला.

अकराच्या सुमारास एक माणूस पंक्चर झालेली सायकल खांद्यावर टाकून वाटेतून आला. बापूसाहेबांनी पेन थांबवलं. "इथं सायकल माणसावर बसली आहे. काय करायचं?" चन्नप्पा दुकानातून म्हणाले, आदी हितं येऊ द्या, मग भांडा. नियम वाचून पाहिला. माणसाबरोबर, खांबांच्या आतून. दोघांनीही धरली.

गठ्ठेवाले परतले आहेत. तोंडाचा खांब मात्र मी सरकवू दिला नाही, मोजणी चालू असताना वाट बदलायची नाही म्हणून. शरणम्मांचा डबा तसाही घरात पडून आहे.

आमच्या आकड्यांत दोन्ही दिवस सतरा-अठराचा फरक, त्यांचा कमी. एखादा गठ्ठा त्यांच्या दुकानाकडे वळला की ते पेन खाली ठेवून तिकडे पाहतात. माल उतरवून घेण्याकडे लक्ष जात असणार. पहिल्या दिवसापासून मी माझ्या तक्त्यात अशा गठ्ठ्यापुढे खूण करून वेळ लिहिते आहे, त्यांना मात्र काही म्हटलं नाही. स्वतंत्र म्हणजे स्वतंत्र.

३ जानेवारी, शनिवार

सहा दिवस संपले. माझी सरासरी ९११. बापूसाहेबांची ८९३. लहान आकडा धरायचा, हे मीच सुचवलेलं.

दोघांनी एकमेकांच्या तक्त्यांवर सह्या केल्या. त्यांनी दोन्ही आकडे बोटाने पुन्हा एकदा ताडून पाहिले. मग घड्याळ खिशात टाकून दुकानात गेले.

अंकिताला कळवलं. ती रडली नाही, पण पुण्याची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. मी घरी येऊन माझे सहाही तक्ते पुन्हा तपासले. माझ्या बाजूने चूक सापडावी असं वाटत होतं की सापडू नये असं, ते मला नक्की सांगता येणार नाही.

उद्या शरणम्मांना सांगायला जायला हवं. आठ वाजता ठरवलं, मग नऊ वाजता ठरवलं, की बैठक झाल्यावर जावं.

७ जानेवारी, बुधवार

अध्यक्षांनी ८९३ वाचला आणि ठरल्याप्रमाणे खांब काढण्याचा ठराव मांडायला सांगितलं. मी गप्प होते, शब्द दिला होता. अंकिता खिडकीबाहेर पाहत होती.

बापूसाहेब बसूनच म्हणाले, "अठरा माझे राहिलेत."

अध्यक्षांनी विचारलं, म्हणजे काय.

"माझ्या दुकानात रोज अठरा गठ्ठे येतात. ते मी लिहिले नाहीत. आपल्या घरचा माल आपणच मोजून साक्ष द्यायची नसते, आमच्यात तशी पद्धत नाही. मला वाटलं बाईंनाही ठाऊक असेल, त्याही कुणाचा चहा घेत नाहीत." मग अध्यक्षांकडे वळून, "काल रात्री हिशेब केला तर फरक तेवढाच निघाला. आता गप्प बसलो तर ती खोटी साक्ष होईल."

कुणीतरी म्हणालं, हे आत्ता सुचलं का? तेव्हा त्यांनी अठरा जणांची नावं सांगितली, सिद्धप्पापासून, कोण किती वाजता येतो त्यासह. अध्यक्षांनी मला विचारलं. मी तक्ते उघडले आणि त्यांच्या दुकानाकडे वळलेल्या खुणा वेळांशी ताडून पाहिल्या. पहिल्या दिवशी सतरा, एक जण आजारी होता. तेही त्यांना ठाऊक होतं. बाकी जुळलं. मी तसं सांगितलं, त्याहून एक शब्द जास्त नाही.

"माझा विरोध मागे घेतला असं लिहू नका," बापूसाहेब म्हणाले. "हैदराबादच्या गाडीला थांबायला जागा द्या. ती मागणी कायम."

खांब वर्षभर राहतील. दुकानांच्या बाजूच्या मोकळ्या जागेत गाड्या लावायची सोय पाहायची. तोंडाचा खांब वीतभर सरकवायचा, हे मी मांडलं आणि कारण विचारलं तेव्हा भाकरीच्या डब्याची रुंदी सांगितली. ती डिसेंबरात त्यांच्या घरी गेले तेव्हाच मोजून ठेवली होती.

बाहेर आल्यावर अंकिताने मिठी मारली. बापूसाहेबांनी चहा विचारला. घेतला.

९ जानेवारी, शुक्रवार

शरणम्मांचा हात अजून भरवशाचा नाही, पण संक्रांतीच्या बाजरीच्या भाकऱ्या खानावळीत पोचवायच्या होत्या. खानावळ शुक्रवार पेठेत, माझ्या घराच्या वाटेवरच. म्हटलं, सायकल मी ढकलते, तुम्ही सोबत चला.

दोन महिने सायकली मोजल्या, पण हात आज पहिल्यांदा लावला. भरलेली सायकल एका बाजूला ओढते, आणि तुम्ही तिला सरळ करायला गेलात की दुसऱ्या बाजूला. पहिल्या शंभर पावलांत माझे खांदे भरून आले. "हँडल आवळू नको," शरणम्मा म्हणाल्या. "एक हात डब्यावर ठेव. ती जाती आपोआप, तू नुसती संगं चाल." तोंडाचा खांब सरकला आहे. डबा दोन बोटांनी सुटला.

आत शिरल्यावर कळलं की ढकलणारा माणूस सायकलच्या बाजूने चालतो, त्यामुळे दोघांना मिळून जवळजवळ पूर्ण वाट लागते. हे कागदावर कुठेच आलेलं नाही. समोरून कुणी बसून आलं की एकाला खांबाशी चिकटून उभं राहावं लागतं. उजवीकडे हातभर अंतरावरून टेम्पो जात होते आणि मधे ते प्लॅस्टिकचे खांब. घाबरायला हवं होतं इतके जवळ. मी विचार करत होते की दोन वाटा असत्या तर, आणि किती रुंद.

पाठीमागून सायकलची घंटी वाजली. परत वाजली. मी मान वळवायला लागले, तशी सायकल झुकली आणि डबा खांबाला टेकला.

"वाजवू दे," शरणम्मा म्हणाल्या. "तू म्होरं बघ."